बगळ्याच्या गोष्टीतला खेकडा कुठे गेला?

प्रश्न ऐरोलीच्या एका वाचकाचा आहे. पुस्तक प्रदर्शनात मुलांच्या टेबलावर त्यांना एक मराठी चित्रपुस्तक दिसलं. आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलं, आणि घरी आल्यावर आधी स्वतःच वाचून काढलं. पंधरा मिनिटांत संपलं. गोष्ट अशी: तळं आटत चाललंय. एक म्हातारा बगळा माशांना चोचीत धरून डोंगरापलीकडच्या मोठ्या तळ्यात पोचवायचं कबूल करतो. रोज थोडे थोडे मासे जातात. शेवटच्या पानावर एकच पिल्लू उरलंय आणि ते विचारतंय, ‘आता माझा नंबर ना?’ तिथेच पुस्तक संपतं. तात्पर्य नाही, बगळ्याला शिक्षा नाही, आणि अर्धी पानं काळीभोर, त्यांच्या मते वाया घालवलेली. त्यांनी विचारलंय: हे कुणासाठी लिहिलंय, ते वाचायचं कसं, आणि मुलाला द्यायचं की नाही?

पुस्तक माझ्याकडेही आहे. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही काही मोठी माणसं अशीच चित्रपुस्तकं एकत्र बसून वाचतो. तिथे हा बगळा पुष्कळ वेळ आमच्यात बसून होता, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पुस्तक मोठ्यांचं आहे. टेबल चुकलं, एवढंच. चित्रं दिसली की पुस्तक मुलांकडे ढकलायचं ही सवय आपल्याकडे अलीकडची आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी बघा. जाड कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीत रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली ती याच कलेसाठी. समोर बसणारं गाव लहानथोर सगळं असायचं, आणि त्या आख्यानांत युद्धं होती, कपट होतं, विलाप होते. चित्र हा तिथे मुलांना दिलेला खाऊ नव्हता.

तुम्हाला गोष्ट ओळखीची वाटली असेल, आणि शेवटी ठेच लागली तीही त्यामुळेच. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, हीच कथा आहे. म्हाताऱ्या बगळ्याला आता मासे पकडता येत नाहीत. तो काठावर उभा राहून रडतो आणि सांगतो, बारा वर्षांचा दुष्काळ पडणार आहे. मग मासे ‘मामा, मला आधी न्या, मला आधी’ म्हणत त्याच्याभोवती गर्दी करतात. तो एकेकाला नेतो आणि खडकावर आपटून खातो. शेवटी खेकड्याची, कुलीरकाची, पाळी येते. बगळ्याच्या मानेवर बसून जाताना त्याला लांबून खडकावर हाडांचा ढीग दिसतो. तो काय समजायचं ते समजतो आणि नांगीने बगळ्याची मान तोडतो.

यात खेकड्याला कोणी काही सांगत नाही. त्याला दिसतं. सगळे मासे ऐकत होते. बघितलं ते त्या एकट्याने. तुमच्या पुस्तकात खेकडा कुठेच नाही, शेवाळाआडही नाही. मी भिंग घेऊन शोधलाय. माझ्या मते लेखकाने आणि चित्रकाराने त्याला जाणूनबुजून काढून टाकलंय आणि त्याचं काम तुमच्यावर सोपवलंय. हाडं पुस्तकात आहेत. ती शब्दांत नाहीत, चित्रांत आहेत, आणि पंधरा मिनिटांत वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत, कारण तो माशांसारखा ऐकत जातो.

तेव्हा कसं वाचायचं, तर आधी शब्द झाका. एक कोरा कागद घ्या, मजकुरावर ठेवा आणि नुसती चित्रं बघत शेवटापर्यंत जा. सुरुवात मुखपृष्ठानंतरच्या अस्तराच्या पानापासून करा, जिथे गोष्ट सुरूही झालेली नसते. बहुतेक जण ते पान न बघताच उलटतात. तिथे भरलेलं तळं आहे, पाण्यावर बारीक गोल तरंग. पुस्तकाच्या शेवटच्या अस्तरावर हुबेहूब तीच मांडणी आहे, तोच काठ, तेच गोल. फक्त ते गोल आता तरंग नाहीत. डोळ्यांजवळ पान धरून नीट बघा, काय आहेत ते. मी सांगत नाही.

मग मधली पानं. तिसऱ्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, उजव्या कोपऱ्यात, क्षितिजाजवळ, एक पांढरा ठिपका आहे. छपाईचा डाग वाटावा एवढा. पुढच्या प्रत्येक जोडपानावर तो थोडा मोठा होत जातो. बगळा मात्र त्याच्याकडे कधीच बघत नाही, मासेही नाहीत. पुस्तकात त्याच्याकडे बघू शकणारे तुम्ही एकटेच आहात.

हे झालं की दुसऱ्यांदा उलटं करा. घरातल्या कुणाला तरी पुस्तक द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही डोळे मिटून फक्त ऐका. गोष्ट केवढी सोज्वळ आहे ते तेव्हा कळतं. ‘बगळेमामा आज चौघांना पोचवून आले.’ पुढच्या पानावर, ‘बगळेमामा आज सहांना पोचवून आले.’ वाक्य तेच, आकडा वेगळा. निवेदक कुठेही खोटं बोलत नाही. ‘पोचवून आले’ एवढंच म्हणतो. कुठे, ते म्हणत नाही. एखाद्या कार्यालयाच्या अहवालात असतो तसा हा सूर आहे, आणि मला या पुस्तकातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट तीच वाटते. रक्ताचा एक थेंब नाही. फक्त नोंदी.

तिसऱ्यांदा शब्द आणि चित्रं एकत्र वाचा आणि दोघांचं जिथे पटत नाही तिथे थांबा. मोठ्यांसाठी लिहिलेल्या काळोख्या नीतिकथेत खरी गोष्ट त्या न पटण्यात असते. मुलांच्या बहुतेक पुस्तकांत चित्र शब्दाला होकार देतं: ‘ससा पळाला’, आणि ससा पळताना दिसतो. इथे शब्द एक सांगतो आणि चित्र त्याच्याविरुद्ध साक्ष देतं. साक्ष ऐकायला वेळ लागतो. चित्रकथी सांगणारा चित्र किती वेळ धरायचं ते स्वतः ठरवतो. पुस्तकात ते तुमच्या बोटांवर असतं.

बोटांवरून आठवलं. पान उलटण्याकडे लक्ष द्या. प्रत्येक उजव्या पानावर बगळा चोचीत मासा घेऊन कडेकडे उडत निघालेला आहे. पान उलटलं की डावीकडे तो रिकाम्या चोचीने परत येतोय. मासा खाल्ला जातो ते चित्र पुस्तकात कुठेच नाही. ते घडतं दोन पानांच्या मध्ये, म्हणजे तुम्ही पान उलटता त्या क्षणात. आमच्या रविवारच्या मंडळींत हे एकीच्या लक्षात आलं तेव्हा तिने पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘म्हणजे दर वेळी मीच.’ पुढचं पान उलटायला कुणी तयार होईना.

दिशाही बघा. देवनागरी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडे जाणारी आकृती आपल्याला ‘पुढे निघालेली’ वाटते आणि डावीकडे येणारी ‘परतलेली’. चित्रकार हे रोज वापरतात. इथे माशांची रांग डावीकडून उजवीकडे आहे, म्हणजे आपल्या डोळ्यांना ती प्रगती वाटते. शेवटच्या पानावरचं पिल्लू मात्र डावीकडे तोंड करून आहे, आलेल्या पानांकडे. सगळ्या पुस्तकात मागे वळून बघणारं ते एकटं. त्याला काही कळलंय का? शब्दांवरून वाटतं, नाही. चित्रावरून मला खात्री देता येत नाही. आमच्यात यावरून दोन तट पडले आणि अजून मिटलेले नाहीत.

आपण कुठून बघतोय, हाही प्रश्न विचारायला हवा. पहिल्या काही पानांत नजर पाण्याखालून आहे. बगळ्याचे पाय खांबांसारखे, डोकं लांब वर. आपण मासे आहोत. ‘आता सगळ्यांचा विश्वास बसला होता’ हे वाक्य येतं त्या पानापासून नजर वर सरकते आणि पुढे तर आपण बगळ्याच्या पाठीमागून, वरून, माशांकडे बघू लागतो. मासे तेव्हा ठिपके होतात, मोजता येतील असे. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, आणि आपली बाजू बदलली. पहिल्या वाचनात हे कळलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कळू नये अशीच सोय केलेली आहे.

पक्ष्याबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही ऐरोलीला राहता. हा बगळा ढोकरी आहे, आपल्या खाडीकाठी, डबक्याकाठी कुठेही दिसणारा. बसलेला असताना तो मातकट तपकिरी, चिखलात मिसळून जाणारा. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र. तुमच्याकडच्या किनारी जैवविविधता केंद्रात लोक फ्लेमिंगो बघायला जातात, पण एक सकाळ ढोकरीसाठी द्या. तो किती वेळ हलत नाही ते बघा. चित्रकाराने या रंगाचा नेमका उपयोग केलाय. काठावर उभा असताना बगळा राखाडी, दिसेल न दिसेल असा. मासा घेऊन उडाला की काळ्या पानावर झगझगीत पांढरा. खालच्या माशांना दिसतो तो हा पांढरा बगळा. काहीही खोटं न दाखवता देवदूत उभा केलाय.

आता काळी पानं. तुम्हाला ती वाया घालवलेली वाटली. काळा छापणं सोपं वाटतं, पण छापखान्यात विचारा. नुसती काळी शाई मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर, मोठ्या जागेत छापली तर कागद ती पितो आणि वाळल्यावर रंग राखाडी, मळकट दिसतो. म्हणून काळ्याच्या जोडीला निळ्याचा, कधी आणखी रंगांचा थर देतात. तो जास्त झाला तर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग पडतात. एवढी उठाठेव कुणी उगाच करत नाही. या पुस्तकात दोन काळे आहेत. पाण्याचा काळा निळसर, खोल. डोंगरापलीकडचा काळा कोरडा, किंचित तांबूस. पुस्तक दिव्याखाली तिरकं धरलंत तर फरक दिसेल. मोबाइलच्या फोटोत दोन्ही सारखेच येतात. शेवटाकडे डाव्या पानावर पहिला काळा आणि उजव्या पानावर दुसरा, असं जोडपान आहे, मध्ये शिवण. त्यावर एकही अक्षर नाही. तुम्ही बहुधा ते एका सेकंदात उलटलंत. मी तिथेच सर्वात जास्त वेळ बसले.

प्राणी आणि अंधार यांची ही जोडी जुनी आहे. स्पेनच्या गोया या चित्रकाराने १७९९ मध्ये ८० कोरीव चित्रांचा संच विक्रीला काढला. त्यात गाढव मास्तर होऊन शिकवतंय, गाढव वैद्य होऊन आजाऱ्याची नाडी बघतंय. मागचा अंधार त्याने ॲक्वाटिंटने केला: तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरायची, तापवून चिकटवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. भुकटीच्या कणांमधून आम्ल पत्रा खातं आणि छापल्यावर दाणेदार काळोख उमटतो. संच थोड्याच दिवसांत विक्रीतून मागे घेतला गेला. मुलांसाठी तो कुणालाच वाटला नव्हता. गाढव रंगवलं की लोक हसतात, आणि हसता हसता कुणाचं गाढव आहे ते ओळखतात.

ओळखण्यावरून आमच्याकडे मोठी गंमत झाली. नौपाड्यात सध्या प्रत्येक गल्लीत पुनर्विकासाची एखादी तरी इमारत असते. पुस्तक वाचून होताच एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘हा बिल्डर आहे हो. डोंगरापलीकडचं मोठं तळं म्हणजे मोठा कार्पेट एरिया.’ सगळे हसले. मग कुणाला बगळ्यात पुढारी दिसला, कुणाला क्लासवाला, कुणाला अमेरिकेला मुलं नेणारा एजंट. या खेळात मजा आहे, मीही खेळले. पण इथे थांबलात तर पुस्तक हातातून गेलं समजा. बगळा म्हणजे अमुक, असं म्हटलं की आपण सुटतो. दुष्ट सापडला, तो आपल्याबाहेरचा आहे. तेवढ्यासाठी पुस्तक कशाला, वर्तमानपत्र पुरे. मी त्यांना म्हटलं, बगळा सोडा, मासे बघा. सातव्या जोडपानावर एक जाडा मासा रांग लावतोय, पंख पसरून लहानांना मागे सारतोय. त्याला कुणी सांगितलंय? शब्दांत तो कुठेच नाही. पुढच्या प्रत्येक पानावर तो रांगेबाहेर, काठाशी आहे. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, जेव्हा त्याच्याशिवाय आणि पिल्लाशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा बगळ्याची चोच त्याच्या दिशेने वळलेली आहे. त्यानंतर ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. ते त्यांच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत, हे मला नंतर कळलं.

तात्पर्य नाही ही तुमची तक्रार मला समजते. तुम्ही एकटे नाही. पंचतंत्रातली ही बगळ्याची कथा कोण सांगतं ते बघा. कोल्हा कावळ्याला सांगतो, आणि त्या कोल्ह्या-कावळ्याची गोष्ट दमनक नावाचा कोल्हा करटक नावाच्या दुसऱ्या कोल्ह्याला सांगतो. म्हणजे कपटाची गोष्ट एक कपटी आपल्या सोबत्याला सांगतोय, युक्ती कशी फळते हे पटवायला. आणि मित्रभेदाच्या शेवटी काय होतं? दमनकाने लावालावी केल्यामुळे पिंगलक सिंह आपल्याच मित्राला, संजीवक बैलाला, मारतो आणि दमनक मंत्रिपदावर राहतो. त्याचं कुणी काही वाकडं करत नाही. आठव्या शतकात हे पुस्तक अरबीत नेणाऱ्या इब्न अल-मुकफ्फाला बहुधा हे सोसलं नाही. अरबी प्रतीत दमनकावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. ते प्रकरण त्यानेच जोडलं असं अभ्यासक मानतात. तुमच्यासारखाच वाचक म्हणायचा. शाळेत आपण वाचलेलं पंचतंत्र म्हणजे वेचलेल्या, धुऊन वाळवलेल्या गोष्टी. एकदा संपूर्ण मराठी भाषांतर मिळवून वाचा. ठाण्याला येणं होत असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे मागा, पण बालविभागात मागू नका.

बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांमध्येही हा बगळा आहे, बकजातकात. तिथे बोधिसत्त्व तळ्याकाठच्या झाडावरचा वृक्षदेव आहे. तो सगळं बघतो आणि शेवटी, बगळा मेल्यावर, एक गाथा म्हणतो. मासे जात होते तेव्हा तो काय करत होता, हे मला लहानपणापासून विचारावंसं वाटतं. या पुस्तकात काठावर एक वाळकं झाड आहे खरं. प्रत्येक पानावर.

आपल्या कहाण्यांची सवयही आड येते. आटपाट नगरापासून सुरू झालेलं सगळं साठा उत्तरांतून पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण व्हायचं, असा करारच असतो. या पुस्तकाने पहिल्या ओळीत ‘आटपाट तळं होतं’ म्हणून त्या करारावर सही केली आणि शेवटी तो मोडला. राग आला ना? तो यायलाच हवा होता. फक्त तो लेखकावर काढून मोकळे होऊ नका. पुढच्या वाचनापर्यंत जवळ ठेवा.

राहिला मुलाचा प्रश्न. आठव्या वर्षी मी हे पुस्तक एकट्याने वाचायला देणार नाही, आणि कारण काळी पानं नाहीत. मुलांना क्रौर्य पचतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत काही घरांत कावळ्याला तव्याचा चटका बसतो आणि मुलं टाळ्या पिटतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र केली. मला वाटतं त्या बदलाने धास्ती मोठ्यांची कमी झाली. मुलांना न पचणारी गोष्ट वेगळी: वाईट केलं आणि कुणीच काही म्हणालं नाही. तुमच्या पुस्तकात नेमकं तेच आहे. आठ वर्षांचं मूल चित्रं आपल्यापेक्षा आधी वाचतं, त्याला तो पांढरा ठिपका तिसऱ्याच पानावर दिसेल, आणि मग उरलेलं पुस्तकभर ते एकटंच ते ओझं घेऊन बसेल.

तेव्हा आधी त्याला मूळ गोष्ट तोंडी सांगा, खेकड्यासकट. तीही झोपताना नको, जेवायच्या आधी सांगा. खेकड्याला जिंकू द्या. हे पुस्तक तुमच्या कपाटात ठेवा, दहा-अकराचा झाला की बघू. त्याआधी त्याने काढलंच तर ओरडू नका, शेजारी बसा आणि पान त्यालाच उलटू द्या. त्याने विचारलं ‘मासे कुठे गेले?’ तर उत्तर देण्याआधी त्याला काय दिसलं ते विचारा. बहुतेक वेळा त्याला ठाऊक असतं.